नाण्याला स्मरण नसते



‘कपाळी असेल ते चुकत नाही,’ असे आपण सहज बोलून जातो. एखाद्यास पहिल्याच अर्जात नोकरी लागली की तो नशीबवान ठरतो. एखाद्याचा बैल दगावला, पाठोपाठ पीक बुडाले, की तो करंटा. जणू दैव हा माणसाच्या अंगचा गुण किंवा दोषच असावा! तसा तो खरोखर असतो काय?

वर्गात मी एक लहानसा प्रयोग करीत असतो. ३२ मुलांना प्रत्येकी पाच वेळा नाणे उडवावयास सांगतो. प्रत्येक खेपेस छापा किंवा काटा असे दोनच संभव. पाच खेपांचे मिळून ३२ प्रकार होतात. म्हणून सरासरीने एका मुलास ओळीने पाच छापे पडतात व एकास पाच काटे. पहिल्याचे कौतुक होते, दुसऱ्याची थट्टा. परंतु सहाव्या खेपेस दोघांनाही संधी अगदी सारखीच असते. मागे काय पडले याचे स्मरण नाण्याला नसते. संभवाच्या या गणिताचा पाया पास्काल व फर्मा या फ्रेंच गणितज्ञांच्या १६५४ मधील पत्रव्यवहारात घातला गेला. निमित्त होते अर्ध्यावर मोडलेल्या जुगाराच्या डावाचे!

आपल्या पूर्वजांनाही हे उमगले होते. कावळा बसावयास आणि फांदी तुटावयास एकच गाठ पडली, म्हणून कावळ्याने फांदी तोडली असे होत नाही. यालाच ते काकतालीय न्याय म्हणत.

न्याय ठाऊक असूनही आपण वागतो मात्र उलट. नवी सून घरात आली आणि वर्षाच्या आत सासरा वारला, की तिला ‘पांढऱ्या पायाची’ म्हणतात. म्हातारा दोन वर्षे अंथरुणाला खिळून होता, हे कोणाच्या ध्यानात राहत नाही. ती बिचारी मात्र तो शब्द जन्मभर वाहते. वर्गात पाच काटे पडलेल्या मुलाची थट्टा तासाबरोबर संपते. हिची संपत नाही.

शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे दगावल्याचा उल्लेख लूकच्या शुभवर्तमानात आहे. ती माणसे इतरांहून अधिक अपराधी होती काय, या प्रश्नास प्रभू येशूने ‘नाही’ असे उत्तर दिले आणि ऐकणाऱ्यांना स्वतःच्याच आचरणाकडे पाहावयास सांगितले.

दैव मुळीच नाही, असे माझे म्हणणे नव्हे. कोणत्या घरी जन्म घ्यावा, हे कोणी निवडलेले नसते. आणि ज्याच्या घरी दिवा व पुस्तक आहे, त्याला आरंभीच अनुकूल दान पडलेले असते. म्हणूनच ज्याला चांगले दान पडले त्याने गर्व करू नये. ज्याला वाईट पडले त्याला दोष देऊ नये, हात द्यावा. दान आपल्या हाती नसते. शेजाऱ्याला कोणत्या नावाने हाक मारावी, हे मात्र पूर्णपणे आपल्याच हाती असते.