रेघेच्या अलीकडे, पलीकडे

अमेरिकेत 2002 साली अमलात आलेल्या 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' कायद्याने तिसरी ते आठवीच्या मुलांची वाचन-गणिताची वार्षिक चाचणी सक्तीची केली. 2014पर्यंत झाडून सारी मुले 'प्रवीण' ठरावीत, हा स्वप्नाळू हुकूमही सोडला. माध्यमिक शाळेचे यश मुख्यतः ठरावीक गुणांची रेघ ओलांडणाऱ्यांच्या टक्केवारीवर ठरू लागले. सहावीत तिसरीच्या पातळीवर आलेले मूल वर्षात दोन इयत्तांची मजल मारूनही रेघेखाली राहिले, तर टक्केवारी हलत नाही. रेघेलगतचे मूल दोन गुणांनी सरकले की वाढते. असे मोजमाप शाळांना कुठवर ढकलते, ते अटलांटात दिसले: 2011च्या चौकशी अहवालाने 44 शाळांतल्या 178 शिक्षक-मुख्याध्यापकांवर चाचण्यांतल्या गैरप्रकारांचा ठपका ठेवला.

मग चाचण्याच नकोत? तसे नाही. कृष्णवर्णीय आणि गरीब मुलांचे निकाल वेगळे मांडण्याची सक्ती याच कायद्याची. सरासरीआड दडलेली दरी त्यामुळेच उघडी पडली. चाचणी राहावी, पण तेच मूल गेल्या वर्षी कुठे होते, हेही मोजावे. जुन्या कायद्याच्या जागी आलेल्या 2015च्या कायद्याने राज्यांना तशी मुभा दिली आहे. लहान शाळांत असे प्रगतीचे आकडे वर्षागणिक हेलकावतात, हा आक्षेप खरा. तीन वर्षांची सरासरी घेतली की तो बराच बोथट होतो.