लांब पल्ल्याच्या प्रवासासाठी सायकलची निवड

लांब पल्ल्याच्या प्रवासासाठी सायकल निवडताना स्वाराची शरीरयष्टी, मार्गातील चढउतार आणि वाटेत मिळू शकणारी दुरुस्ती या तीन गोष्टी निर्णायक ठरतात. दुकानात पाच मिनिटे सुखद वाटलेली सायकल पाच तासांनंतरही तशीच वाटेल असे नाही. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत हा फरक लवकर जाणवतो, कारण येथे एकाच दिवसाच्या प्रवासात सपाट बागायती प्रदेश आणि सह्याद्रीचा चढ असे दोन्ही लागतात.

प्रदेश

पुणे–नाशिक महामार्गावरील मंचर, नारायणगाव व आळेफाटा यांच्या आसपासचा भाग तुलनेने सपाट आहे. मंचरहून घोडेगाव, डिंभे मार्गे भीमाशंकरला जाणारा रस्ता मात्र पश्चिमेकडे डोंगरात चढत जातो. जुन्नरहून नाणेघाटाकडे जाणारा रस्ता घाटमाथ्यावर संपतो. तेथून कोकणात उतरणारी सातवाहनकालीन वाट दगडी पायऱ्यांची असल्याने सायकलच्या उपयोगाची नाही.

बैठक

सीट जितकी मऊ तितका आराम अधिक, हा समज सर्वत्र आढळतो आणि तो लांब पल्ल्याला लागू पडत नाही. फार मऊ सीट दबली की शरीराचा भार बैठकीच्या हाडांवर न राहता मधल्या नाजूक भागावर येतो व तेथे बधिरता येते. फार रुंद सीटला मांड्या घासतात. त्यामुळे हाडांना पुरेसा आधार देणारी, बेताच्या मऊपणाची सीट योग्य ठरते. सीटची उंची ठरवण्याची सोपी रीत अशी : पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवल्यास पाय सरळ व्हावा. मग चवडा ठेवून पायडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. सीट फार खाली असल्यास चढावर गुडघ्याच्या पुढील भागावर ताण येतो.

करंगळी व अनामिका बधिर होणे हे तळहातावर सतत दाब पडत असल्याचे लक्षण आहे. चौकट स्वाराच्या मापाची नसेल तर हँडल दूर पडते आणि हा दाब वाढतो. खाली वळलेल्या हँडलवर हातांची जागा बदलता येते, हा त्याचा मोठा फायदा होय.

गिअर

पुढे ४४ व मागे १८ दात असलेली बिनगिअरची सायकल पायडलच्या एका फेऱ्यात सुमारे साडेपाच मीटर जाते. पुढे ३४ व मागेही ३४ दात असतील, तर तेवढ्याच फेऱ्यात सुमारे २.२ मीटर अंतर कापले जाते, पण जोर बराच कमी लागतो. भीमाशंकरच्या चढावर एकूण गिअर किती यापेक्षा सर्वांत हलका गिअर कोणता, हे पाहणे महत्त्वाचे.

टायर व दुरुस्ती

रस्ता खडबडीत असल्यास ३२ ते ४० मिलिमीटर रुंदीचे टायर कमी हवेवर धक्के शोषून घेतात. जुन्या काळ्या सायकलचे २८ इंची टायर आणि आधुनिक ७०० सी टायर दिसायला सारखे असले, तरी त्यांच्या रिमचे माप अनुक्रमे ६३५ व ६२२ मिलिमीटर असते. म्हणून गावातील दुकानात मिळालेले २८ इंची टायर ७०० सी चाकावर बसत नाही. ट्यूब ताणून बसवता येते, पण रिमचे भोक बारीक व्हॉल्व्हसाठी असेल तर जाड व्हॉल्व्ह त्यात शिरत नाही. अशा सायकलसोबत दोन ट्यूब व स्वतःचा पंप असावा.

ब्रेक व प्रकाश

पावसाळ्यात ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो. माळशेजसारख्या धुक्याच्या व लांब उताराच्या घाटात डिस्क ब्रेक अधिक भरवशाचे ठरतात. दोन्ही तालुक्यांतील उसाच्या शेतांत बिबट्यांचा वावर आहे. जुन्नरजवळ माणिकडोह येथे बिबट निवारा केंद्रही आहे. त्यामुळे पहाटे व अंधार पडल्यावर शेतांमधून जाणाऱ्या रस्त्यांवर एकट्याने सायकल चालवणे टाळावे. अंधारात जावेच लागले तर सोबत घ्यावी, पुढे रस्ता उजळणारा दिवा आणि मागे तांबडा दिवा लावावा.