तळघरातला दुसरा पंप कसा निवडावा?

व्यापारी बंधूंनो, घराखालच्या तळघरात माल ठेवणारे आपल्यात पुष्कळ आहेत. मीही त्यांपैकीच. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा कुर्ल्यात रस्त्यावरचे पाणी थेट आत शिरले. तिथे कोणताही पंप हरलाच असता. माझे मोठे नुकसान मात्र पुढे एका साध्या पावसाळी रात्री झाले. वीज गेली, खड्ड्यातला पंप थांबला आणि जमिनीतून झिरपणाऱ्या पाण्याने सकाळपर्यंत खालच्या थरातले सुटिंगचे तागे भिजले. भिजलेला तागा वाळवला तरी डाग राहतो; गिऱ्हाईक निम्मा भावही देत नाही.

सांगायला लाज वाटते, पण खड्ड्यात तेव्हा दुसरा पंप होता! दुकानदाराच्या सल्ल्याने पहिल्यासारखाच घेतलेला, त्याच विजेवर चालणारा. एकाची मोटार जळाली असती तर दुसरा कामाचा. वीज गेली तर दोघेही मुके.

म्हणून दुसऱ्या पंपाची सोय विजेपासून अलग हवी. घरचा लहान इन्व्हर्टर एक हॉर्सपॉवरची मोटार ओढेल, या भरवशावर राहू नका. चालू होताना मोटार नेहमीच्या कित्येक पट करंट घेते. त्यापेक्षा 12 व्होल्ट बॅटरीवरचा पंप बरा. 150 अँपिअर-अवरच्या बॅटरीवर 10 अँपिअरचा पंप कागदावर 15 तास चालतो. हिशेबात निम्मेच धरा. पेट्रोल-डिझेलचे इंजिन तळघरात कधीही चालवू नये, त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न देता जीव घेतो.

पंप केवढा घ्यावा? भर पावसात चालू पंप जरा बंद करून खड्डा मोजा. दोन फूट लांब-रुंद खड्ड्यात 5 मिनिटांत 1 फूट पाणी चढले, तर मिनिटाला सुमारे 23 लिटर आले. पंप याच्या दुप्पट घ्या. डब्यावरचा मोठा आकडा पाणी वर चढवायचे नसतानाचा असतो. आपल्या उंचीला किती लिटर, तेच विचारा.

फ्लोट स्विच स्वतंत्र, पहिल्यापेक्षा जरा वर. पाइपही वेगळा, त्यात नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. नाहीतर उपसलेले पाणी परत खाली. कापडाच्या गुदामात धागे पंपाच्या पंख्याला गुंडाळतात, तेव्हा खड्ड्यावर जाळी बसवावी.

मी दर मे महिन्यात मेन स्विच बंद करून खड्ड्यात बादल्या ओततो. गेल्या खेपेस पंप चालूच होईना. पाहिले तर फ्लोट एका चिंधीत अडकलेला.