अ‍ॅल्युमिनियम फ्रेमचा गंज: थोडक्यात

जुन्या मोटरसायकलसाठी लक्षात ठेवा

- सुरुवात: सुझुकीने १९८३ मध्ये आरजी २५० गॅमा आणि १९८५ मध्ये जीएसएक्स-आर ७५० अ‍ॅल्युमिनियम फ्रेमसह बाजारात आणल्या.
- घनता: अ‍ॅल्युमिनियम २.७, पोलाद सुमारे ७.८ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर.
- ओळख: लोखंडाचा गंज तांबूस, अ‍ॅल्युमिनियमचा पांढरा, भुकटीसारखा.
- संरक्षण: हवेत ऑक्साइडचा पातळ थर आपोआप तयार होतो. मीठ तो भेदते आणि धातूला बारीक खड्डे पडतात. समुद्रकिनारी धोका अधिक.
- लॅकरखालचा गंज: लॅकरचा (पारदर्शक संरक्षक थराचा) टवका उडाला की ओलावा आत शिरतो, दोऱ्यासारख्या रेषा पसरतात.
- दोन धातूंचा गंज: पोलादी बोल्ट, अ‍ॅल्युमिनियम आणि खारट ओलावा एकत्र आले की अ‍ॅल्युमिनियम झिजते. बोल्टच्या आट्यांना अँटी-सीझ (बोल्ट जाम होऊ न देणारे वंगण) लावतात.
- सफाई: सौम्य साबण, पाणी, नायलॉनचा ब्रश. उघड्या धातूवर अ‍ॅल्युमिनियम पॉलिश, नंतर मेण किंवा लॅकर.
- टाळा: कॉस्टिक सोडा धातू खातो. तारेच्या ब्रशचे लोहकण रुतून गंजतात.
- सावधान: वेल्डिंगच्या जोडाजवळ तडा किंवा खोल खड्डा दिसल्यास गाडी चालवू नका, फ्रेम तज्ज्ञाकडून तपासून घ्या.