वसतिगृहात फ्लूची साथ

महाविद्यालयाच्या आवारात फ्लू शिरला की तो वर्गापेक्षा वसतिगृहात लवकर फोफावतो. वर्गात मुलं पाच-सहा तास बसतात, तीही तोंडं एकाच दिशेला करून. वसतिगृहाच्या खोलीत तिघं-चौघं रात्रभर एकाच हवेत झोपतात, डासांमुळे खिडक्या बंद असतात, आणि मेसच्या रांगेत, न्हाणीघरात, अभ्यासिकेत पुन्हा तीच माणसं भेटतात. त्यामुळे निवासी महाविद्यालयातली साथ ही एका मोठ्या एकत्र कुटुंबातली साथ असते. फरक इतकाच, की या घरात आजारी माणसाच्या उशाशी बसायला आई-आजी नसते.

बेंगळुरूहून कोलारकडे जाणाऱ्या महामार्गावरचं होसकोटे हे अशा आवारांच्या पट्ट्यातलं गाव आहे. शहाजीराजांच्या जहागिरीत बेंगळुरू, कोलार, दोड्डबळ्ळापूर यांच्याबरोबर होसकोट्याचंही नाव येतं. आज महाराष्ट्रातल्या घरांमधून या बाजूचा विचार होतो तो बहुतेक प्रवेशाच्या निमित्ताने. होसकोट्यात २००१ पासून वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेलं रुग्णालय आहे. बेंगळुरूच्या पूर्व बाजूला अभियांत्रिकी आणि व्यवस्थापनाची महाविद्यालयंही बरीच आहेत. अशा ठिकाणी शिकणाऱ्या मुलाचा ‘अंगात कणकण आहे’ एवढा निरोप सोलापूरला किंवा नाशिकला येतो तेव्हा पुढचं सगळं महाविद्यालयाच्या हातात असतं.

ते हात किती लवकर हलले पाहिजेत, हे विषाणूच्या वेगावरून कळतं. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला एक ते चार दिवस लागतात, बहुधा दोनच. माणूस आजारी दिसण्याच्या आदल्या दिवसापासून विषाणू पसरवू लागतो आणि पुढे पाच ते सात दिवस पसरवत राहतो. म्हणजे पहिल्या मुलाला ताप चढेपर्यंत त्याच्या खोलीतला दुसरा मुलगा बहुतेक वेळा अगोदरच बाधित झालेला असतो. इंग्लंडमधल्या मुलांच्या एका निवासी शाळेची १९७८ सालची नोंद साथरोगाच्या अभ्यासात वारंवार दाखवली जाते. शाळेत ७६३ मुलं होती. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात दोन-तीन मुलांनी अंथरूण धरलं, आठवड्याभरात एकाच दिवशी अंथरुणावर असलेल्यांचा आकडा तीनशेच्या घरात गेला, आणि दोन आठवड्यांत साथ विझलीही. तोवर ५१२ मुलं आजारी पडून उठली होती. चौथ्या-पाचव्या दिवशी बैठक घेऊन समिती नेमणाऱ्या संस्थेच्या हाती काय उरतं, ते या आकड्यांत दिसतं.

महाराष्ट्राने हे २००९ मध्ये पाहिलं. त्या वर्षी एच१एन१ हा स्वाइन फ्लूचा नवा विषाणू जगभर पसरला आणि ११ जूनला जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ जाहीर केली. जुलैमध्ये पाचगणीच्या एका निवासी शाळेत तापाची साथ आली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतल्या, म्हणजे एनआयव्हीच्या, शास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला. ३ ऑगस्टला पुण्यात चौदा वर्षांची एक शाळकरी मुलगी दगावली. स्वाइन फ्लूने झालेला तो देशातला पहिला मृत्यू. त्यानंतरचं पुणे अनेकांना आठवत असेल: औषधांच्या दुकानांतून मास्क गायब, दुचाकीवरच्या प्रत्येकाच्या तोंडाला रुमाल नाही तर ओढणी, आणि महापालिकेच्या नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी लांबच लांब रांगा. खरे आजारी आणि नुसते घाबरलेले त्या रांगेत खांद्याला खांदा लावून तासन्‌तास उभे होते. साथीच्या काळात याहून वाईट व्यवस्था मुद्दाम आखूनही जमली नसती. शाळा-महाविद्यालयं बंद झाली. मुंबईतही आठवडाभर शाळा-महाविद्यालयं आणि तीन दिवस चित्रपटगृहं बंद राहिली. त्याच महिन्यात बेंगळुरूतही मृत्यू झाला आणि तिथल्या राजीव गांधी छातीविकार संस्थेत संशयितांची गर्दी झाली.

त्या अनुभवातून आवारासाठी निघणारा पहिला धडा नोंदीचा. साथ ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही, वही लागते. कोणत्या मजल्यावर, कोणत्या खोलीत, कुणाला कधीपासून ताप, हे वॉर्डन किंवा आवारातल्या परिचारिकेने रोज लिहिलं, तर एका मजल्यावर दोन-तीन दिवसांत चार जण तापले ही गोष्ट लपत नाही. फ्लूचा ताप बहुधा अचानक चढतो. सोबत कोरडा खोकला, घसा, डोकं आणि अंग ठेचून काढल्यासारखं दुखणं. पावसाळ्यात डेंग्यूही असाच सुरू होतो, म्हणून पहिल्या काही रुग्णांची नीट तपासणी करावीच लागते. ताप असलेल्यांचा असा गट दिसला की ती माहिती प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत जिल्हा सर्वेक्षण अधिकाऱ्याकडे जायला हवी. देशात २००४ पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम त्यासाठीच चालतो. संस्थेची बदनामी होईल म्हणून हे कळवायला टाळाटाळ होते. पण कळवल्यावर नमुने घेणारी माणसं आणि औषधांचा साठा दारात येतो, आणि बदनामी तशीही व्हॉट्सॲपवरून व्हायची ती होतेच.

सगळ्यांची चाचणी करण्याची गरज नसते. पहिल्या काही रुग्णांच्या नाका-घशातले नमुने आरटी-पीसीआरसाठी पाठवून विषाणू कोणता ते ठरलं, की पुढच्यांचं निदान लक्षणांवरून करता येतं. केंद्र सरकारने २००९ च्या साथीत रुग्णांचे अ, ब, क असे तीन गट पाडले. सौम्य ताप-खोकला असलेला ‘अ’ गट: चाचणी नाही, विषाणूविरोधी गोळी नाही, फक्त विश्रांती आणि चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांनी पुन्हा पाहणी. ‘ब’ गटात जास्त ताप आणि तीव्र घसादुखी असलेले, शिवाय दमा, मधुमेह, हृदयविकार, गर्भारपण अशी जोखीम असलेले. त्यांना डॉक्टरांच्या निर्णयाने ऑसेल्टामिविर ही विषाणूविरोधी गोळी. धाप, छातीत दुखणं, गुंगी, रक्तदाब उतरणं, थुंकीत रक्त, नखं निळसर होणं यांपैकी काही दिसलं की ‘क’ गट: थेट रुग्णालय. ऑसेल्टामिविर पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत सुरू झाली तर जास्त उपयोगी पडते. पण खोलीतल्या सगळ्यांनी मिळून एक पाकीट आणायचं आणि दोन-दोन गोळ्या वाटून घ्यायच्या, हा वसतिगृही प्रकार घातक. अँटिबायोटिकचा विषाणूवर काहीच परिणाम होत नाही. ॲस्पिरिन किशोरवयातल्या मुलांना फ्लूमध्ये देत नाहीत. तापाला पॅरासिटामॉल पुरते.

पुढचं काम आजाऱ्यांना वेगळं ठेवण्याचं, आणि इथे वॉर्डनचा खरा कस लागतो. एक रिकामा मजला, अतिथिगृहाच्या काही खोल्या किंवा एखादा हॉल यासाठी राखून ठेवता येतो. खिडक्या उघड्या आणि त्यांना जाळ्या, खाटांमध्ये अंतर, वेगळं न्हाणीघर, थर्मामीटर आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर. डबा दारात पोचवायची सोय नसेल तर विलगीकरण पहिल्या जेवणालाच मोडतं, कारण भूक लागली की मुलगा मेसच्या रांगेत येऊन उभा राहणारच. बेंगळुरूकडच्या मेसमध्ये गंजी (तांदळाची पेज), साधा भात, रसम सहज होतं. तापलेल्या माणसाला तेवढं पुरे. मात्र एकट्याने पडून राहिलेल्या मुलाकडे दिवसातून दोनदा कुणीतरी डोकावलं पाहिजे. ताप उतरून बरं वाटल्यावर पुन्हा चढला आणि धाप लागली, तर न्यूमोनियाची शंका घ्यावी लागते, आणि ती वेळ बहुधा रात्रीचीच असते. रुग्णवाहिकेचा नंबर आणि वसतिगृहाच्या फाटकाची किल्ली कुणाकडे आहे, हे आधीच ठरलेलं असावं. होसकोट्यासारख्या ठिकाणी रुग्णालय जवळ असणं हा मोठाच आधार. गावाबाहेरच्या इतर कितीतरी आवारांना तो नाही.

एवढं सगळं करूनही साथ थांबत नाही, जर हजेरीचं पुस्तक आडवं आलं. कर्नाटकात विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत परीक्षेला बसण्यासाठी ८५ टक्के हजेरी लागते. वैद्यकीय शिक्षणात तासांना ७५ आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के. सत्राच्या शेवटी हजेरी काठावर असलेला मुलगा गोळी खाऊन, तापलेल्या अंगाने पहिल्या बाकावर येऊन बसतो आणि हजेरी लागली की सुटल्याचा नि:श्वास सोडतो. त्या नि:श्वासातून काय बाहेर पडतं हे सांगायला नको. आजारपणाची रजा मिळते, पण त्यासाठी डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. प्रमाणपत्रासाठी दवाखान्याची रांग, म्हणजे नायडू रुग्णालयाबाहेरचं चित्र छोट्या प्रमाणात पुन्हा. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने ऑगस्ट २००९ मध्ये महाविद्यालयांना दिलेल्या सूचनांत याचा विचार होता: औषधाविना ताप उतरल्यावर चोवीस तास होईपर्यंत आजाऱ्याने दूर राहावं, आणि त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी मागू नये. आपल्याकडे चिठ्ठीविना रजा म्हटलं की गैरफायद्याची भीती आधी बोलून दाखवली जाते. गैरफायदा घेणारे निघतीलही. पण साथीच्या दोन आठवड्यांत दहा धडधाकट मुलं खोलीत लोळत पडली, तर त्याने जितकं बिघडेल त्याहून जास्त एक तापलेला मुलगा वर्गात आल्याने बिघडतं. ही सवलत प्राचार्यांनी पहिल्याच दिवशी लेखी जाहीर केली नाही, तर विलगीकरणाचा मजला रिकामा राहतो आणि वर्ग खोकत राहतात. प्राध्यापक आणि मेसचे कामगार यांनाही तोच नियम हवा; ताप असताना रोजंदारीवरच्या स्वयंपाक्याचा पगार कापला, तर तो कामावर येणारच.

समारंभांचा प्रश्न नाजूक असतो, कारण मुलांचं वर्ष त्यांच्याभोवती फिरतं. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठात एप्रिल-मे २००९ मध्ये विद्यार्थ्यांच्या उत्सवी मेळाव्यांच्या सुमारास साथ पसरली; तिथे सुमारे १० टक्के विद्यार्थी आजारी पडले, तर कर्मचाऱ्यांत हे प्रमाण साधारण निम्मं होतं. मराठी वाचकाला जवळचं उदाहरण धारवाडचं. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिथल्या एसडीएम वैद्यकीय महाविद्यालयात नवागतांच्या स्वागत समारंभानंतर सुमारे ३०० जण बाधित निघाले. तो कोविड होता, फ्लू नव्हे, पण वाट तीच, श्वासाची. बहुतेकांचं लसीकरण झालेलं असल्याने आजार सौम्य राहिला. दोन वसतिगृहं मात्र बंद करावी लागली. साथीचा संशय आला की बंद सभागृहातला कार्यक्रम पंधरा दिवस पुढे ढकलणं हा त्यातल्या त्यात स्वस्त उपाय.

आवार बंद करून सगळ्यांना घरी पाठवणं हा मात्र सर्वांत महागडा, आणि अनेकदा उलटणारा निर्णय. शाळकरी मुलं घरीच राहतात, त्यामुळे शाळा बंद करण्याला काही अर्थ तरी असतो. वसतिगृहातली मुलं रात्रीच्या गाडीने निघतात. होसकोट्याहून बेंगळुरू, तिथून बारा-चौदा तासांचा प्रवास, आणि शेवटी घरातले आजी-आजोबा, ज्यांना फ्लूचा धोका विशीतल्या नातवापेक्षा कितीतरी जास्त. आजारी मुलगा जागीच बरा होऊ देणं आणि निरोगी मुलांचे वर्ग शक्य तेवढे चालू ठेवणं हे बहुतेक साथींत जास्त शहाणपणाचं. आजारी पडणाऱ्यांची संख्या मेसला किंवा शिक्षकवर्गाला पेलवेनाशी झाली, तर गोष्ट वेगळी.

भारतात फ्लूला वर्षातून दोन हंगाम सापडतात, पावसाळ्यातला आणि जानेवारी ते मार्चचा. लस दरवर्षी बदलते, तिचा परिणाम दिसायला सुमारे दोन आठवडे लागतात, आणि ती सरकारच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात नाही. विकत घ्यावी लागते. त्यामुळे सगळ्या आवाराला ती देणं खर्चाचं, पण दमेकरी, मधुमेही, आरोग्य केंद्रातले कर्मचारी आणि रुग्णालयात फिरणारे वैद्यकीय विद्यार्थी यांना तरी पावसाळ्याआधी मिळावी. साथ सुरू झाल्यावर टोचलेली लस त्या साथीला बहुधा उशिराचीच ठरते.

नवा रुग्ण न आढळता अधिशयनाचे (लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचे) दोन कालावधी, म्हणजे फ्लूच्या बाबतीत साधारण आठ दिवस, गेले की साथ ओसरली असं धरतात. तोवर तापाची वही रोज भरली जाते, विलगीकरणाचा मजला राखलेला असतो आणि पुढे ढकललेल्या कार्यक्रमाची नवी तारीख फळ्यावर लागत नाही. राहिलेली प्रात्यक्षिकं आणि चुकलेल्या अंतर्गत परीक्षा आजारी पडलेल्यांसाठी वेगळ्या घ्याव्या लागतात. त्यांचं वेळापत्रक साथ चालू असतानाच लावलं, तर शेवटच्या आठवड्यात तापणारी मुलंही खोलीतच थांबतात.