हात एकाचा, आसरा अनेकांचा

भीतिपटांच्या व्यासंगाला आपल्याकडे फारशी प्रतिष्ठा नाही. तरीही सत्तरच्या दशकातील ब्रिटिश मनोविकृतिपटांचे मला दीर्घकाळ विलक्षण आकर्षण वाटत आले आहे. त्यांतील श्रेष्ठ कृती खुनी मनापाशी थांबत नाहीत. त्या मनाला छप्पर कोणी दिले, असा प्रश्न त्या विचारतात, आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलखात राहणाऱ्या माणसाला तो प्रश्न परका वाटू शकत नाही.

या परंपरेचा उगम सर्वश्रुत आहे. १९६० मध्ये मायकेल पॉवेलच्या ‘पीपिंग टॉम’वर समीक्षकांनी इतका गहजब केला की त्या थोर दिग्दर्शकाची मायदेशातील कारकीर्द जवळजवळ संपुष्टात आली. पुढे १९७२ मध्ये हिचकॉकने ‘फ्रेन्झी’त लंडनच्या कॉव्हेंट गार्डन बाजारात नेकटायने गळे आवळणारा खुनी उभा केला. त्यातील कौशल्य निर्विवाद आहे. परंतु तो खुनी अखेर एकटाच आहे, आणि म्हणूनच तो चित्रपट मला दुय्यम वाटतो.

त्याच्या आदल्या वर्षीचा रिचर्ड फ्लायशरचा ‘टेन रिलिंग्टन प्लेस’ याहून कितीतरी वरच्या कोटीचा आहे. त्यातील हकिकत खरी आहे. टिमथी इव्हान्सला स्वतःच्या तान्ह्या मुलीच्या खुनाबद्दल १९५० मध्ये फाशी झाली, आणि त्या मुकदम्यात सरकारपक्षाचा प्रमुख साक्षीदार होता त्याच घरात खाली राहणारा, युद्धकाळात पोलिसांत चाकरी केलेला, मृदुभाषी जॉन ख्रिस्टी. तीन वर्षांनी त्याच घरात स्त्रियांची प्रेते सापडली व ख्रिस्टीही फासावर गेला. इव्हान्सला मरणोत्तर माफी मिळावयास १९६६ साल उजाडले. ती गल्ली पाडली जाण्यापूर्वी तेथेच चित्रीकरण झाले. रिचर्ड ॲटनबरोने साकारलेल्या ख्रिस्टीपेक्षाही अधिक भय वाटते ते त्याच्या जबानीवर विसंबणाऱ्या न्यायासनाचे.

पीट वॉकर या दिग्दर्शकाला सभ्य समीक्षेने कधी पंक्तीस बसवले नाही. परंतु त्याचा, डेव्हिड मॅकगिलिव्हरेने लिहिलेला, ‘फ्राइटमेअर’ (१९७४) मी या प्रकारातील सर्वांत प्रामाणिक चित्रपट मानतो. वेड्यांच्या इस्पितळातून ‘बरी’ ठरवून सोडलेली डोरोथी आडरानातील घरात राहते. पत्त्यांवरून भविष्य सांगण्याच्या मिषाने एकाकी माणसांना बोलावते आणि त्यांना मारून त्यांचे मांस खाते. शीला कीथ ही अभिनेत्री ती भूमिका कोणताही आक्रस्ताळेपणा न करता, क्षणात प्रेमळ व क्षणात हिंस्र होत वठवते. पण चित्रपटाचे मर्म तिच्या नवऱ्यात आहे. त्याला सारे ठाऊक आहे; पत्नीवरील प्रेमापोटी तो झाकतो, सावरतो, मूक राहतो. भविष्यावरील श्रद्धा व घरातील मौन या दोहोंशिवाय तिथला एकही खून सिद्धीस गेला नसता.

ब्रिटनमध्ये हे चित्रपट निघत होते, त्याच काळात इकडे परभणी जिल्ह्यातील मानवत गावी, नोव्हेंबर १९७२ ते जानेवारी १९७४ या अवधीत, कोवळ्या मुली, स्त्रिया व एक तान्हे मूल असे दहा जीव गेले. पिंपळाखालचे गुप्तधन व वांझपण दूर होण्याची आस यांसाठी हे बळी दिले गेले, अशी फिर्यादपक्षाची कैफियत होती. विजय तेंडुलकरांनी लिहिलेला व अमोल पालेकरांनी दिग्दर्शित केलेला ‘आक्रीत’ (१९८१) याच प्रकरणातून निपजला. त्यातील मुकुटराव हा गावातील मातब्बर माणूस आहे. वासना, लोभ आणि दैवी उपायांवरचा विश्वास त्याच्या घरात एकमेकांना पोसतात, आणि खून हा त्या घराचा जणू व्यवहारच होऊन बसतो.

तथापि मानवत प्रकरणाचा मागोवा घेताना मला सर्वांत मोलाचा दस्तऐवज भेटला तो न्या. यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी लिहिलेला, ‘दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा त्याच खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाचा १९७७ चा निवाडा. आतल्या गोटातील कृत्याची खबर आतल्याच माणसांना असते, म्हणून माफीच्या साक्षीदारावाचून असा खटला उभा राहणे कठीण. परंतु अशा साक्षीदाराच्या जबानीला महत्त्वाच्या बाबींत स्वतंत्र पुष्टी हवी, हे सावधगिरीचे तत्त्व न्यायालयाने तेथे नेटाने मांडले. शिक्षेपूर्वी आपले म्हणणे मांडण्याचा आरोपीचा हक्कही तेथे विचारात घेतला गेला. राज्यभर क्षोभ उसळलेला असताना इतक्या संयमाने लिहिणे सोपे नव्हते. लंडनच्या न्यायालयाने ख्रिस्टीच्या साक्षीकडे एवढ्याच संशयाने पाहिले असते, तर इव्हान्स कदाचित वाचला असता!

आता स्वतःच्या जिल्ह्याकडे वळणे प्राप्त आहे. अंधश्रद्धा निर्मूलनासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये नरबळी व जादूटोण्याविरुद्धचा कायदा आला. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली, दक्षता अधिकारी नेमण्याची व्यवस्था झाली. तरीही ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुक्यात, वणी खुर्द येथे, करणीच्या संशयावरून दलित कुटुंबांतील वृद्ध स्त्री-पुरुषांना भर चौकात बांधून मारहाण झाली. तेथे अंधारे तळघर नव्हते, एकाकी विकृत मन नव्हते; उजेड होता आणि गाव जमलेला होता.

गाव जमवणारी दुसरी गोष्टही आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे या पूर्व विदर्भात, आहे: नाटक. धानाची कापणी आटोपली की वडशाच्या नाटक मंडळ्या मंडईच्या जत्रा व शंकरपटाच्या बैलशर्यती यांच्या निमित्ताने गावोगाव पोहोचतात, आणि हजारो माणसे पहाटेपर्यंत कुटुंबांची सुखदुःखे पाहत बसतात. ‘फ्राइटमेअर’मधील नवऱ्याची आणि वणी खुर्दच्या चौकातील बघ्यांची गोष्ट सांगण्यास याहून समर्थ रंगमंच महाराष्ट्रात नाही, असे माझे ठाम मत आहे. मांत्रिकाला खलनायक करणारे नाटक प्रेक्षकाला निर्दोष ठरवून घरी पाठवते. झाडीपट्टीच्या नाटककारांनी पाहणाऱ्यांनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणारे नाटक लिहावे, आणि ते येत्या हंगामातच लिहावे.