हिराइझुमीचा सोनेरी मकबरा

जपानच्या उत्तरेकडील इवाते प्रांतात हिराइझुमी नावाचे छोटे गाव आहे. टोकियोहून शिंकान्सेनने इचिनोसेकीला उतरायचे आणि साध्या गाडीने पुढे दोन स्टेशने जायचे. गावातील चूसोन-जी या बौद्ध मंदिराची चढण जुन्या, उंच सुगी वृक्षांच्या सावलीतून जाते. वर एका काँक्रीटच्या इमारतीत, काचेपलीकडे, 'कोन्जिकिदो' उभे आहे. लांबी-रुंदी जेमतेम साडेपाच मीटर; पण छप्पर सोडले तर आतून-बाहेरून सोन्याचा वर्ख आणि खांबांवर शिंपल्यांचे जडावकाम. ११२४ साली पूर्ण झालेला हा मकबराच आहे. मूर्तींच्या चौथऱ्यांखाली फुजिवारा घराण्यातील तीन पिढ्यांच्या मय्यती ठेवलेल्या आहेत.

साध्या कबरीची शिकवण असलेल्या आपल्या वाचकांना प्रश्न पडेल, मेलेल्या माणसाला एवढे सोने कशाला? तो प्रश्न रास्तच आहे. पण हे बांधणाऱ्या फुजिवारा कियोहिराची कहाणी सोन्यापेक्षा मोठी आहे.

तो लहान असतानाच, १०६२ मध्ये, युद्धात हरलेल्या त्याच्या वडिलांचा शिरच्छेद झाला. आईला विजेत्यांच्या घराण्यात लग्न करावे लागले आणि कियोहिरा त्याच घरात वाढला. पुढे दुसऱ्या युद्धात सावत्र भावाने त्याची बायको-मुले मारली. १०८७ मध्ये शेवटी कियोहिरा जिंकला. अशा माणसाने सूड जपला असता तर नवल नव्हते. त्याने मंदिर उभारले आणि ११२६ च्या संकल्पपत्रात लिहवून घेतले, की येथील घंटेचा नाद युद्धात मेलेल्या सर्वांच्या आत्म्यांना शांती देवो. मग ते आपले असोत की शत्रूचे. माणसांबरोबर मेलेले पशुपक्षी आणि मासेही त्याने वगळले नाहीत.

वर्गात आपण लढाई कोणी जिंकली, किती साली, एवढे मुलांकडून पाठ करून घेतो. जिंकल्यावर त्या माणसाने काय केले, हे मात्र क्वचित विचारतो.

त्याच्या वारसांना मात्र हा धडा पेलला नाही. ११८९ मध्ये पणतू यासुहिराने, वडिलांनी आश्रय दिलेल्या योशित्सुने या सेनानीवर दबावाखाली हल्ला केला. योशित्सुनेचा अंत झाला, पण यासुहिराही वाचला नाही. दबाव आणणाऱ्या योरितोमोनेच त्याचे राज्य बुडवले. यासुहिराच्याच चाकराने त्याला मारले आणि त्याचे शिर खिळा ठोकून टांगले गेले.

ते शिर कोणीतरी गुपचूप वडिलांच्या शवपेटीजवळ ठेवले. पेटीवर नाव धाकट्या भावाचे होते. १९५० मध्ये तपासणी झाली, तेव्हा खिळ्याच्या खुणेवरून खरी ओळख पटली. त्याच पेटीत कमळाच्या बिया निघाल्या. त्यांतून उगवलेले कमळ १९९८ मध्ये फुलले.

१३३७ च्या आगीत मंदिराच्या बहुतेक इमारती जळाल्या. कोन्जिकिदो मात्र वाचले. २०११ पासून हिराइझुमी जागतिक वारसा आहे. उन्हाळ्यात जाल तर सोने पाहून लगेच फिरू नका. पराभूताच्या पेटीत कोणी तरी मायेने ठेवलेले ते कमळही पाहून या.